सजग स्वप्न धूसर दिसतं, सकाळी आठवत नाही: तयारीपासून नोंदीपर्यंतचा नेमका क्रम

स्वप्नात असताना ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं म्हणजे सजग स्वप्न. बहुतेक जण त्याला ल्युसिड ड्रीमिंग म्हणूनच ओळखतात. ते पहिल्यांदा साधलं की दोन तक्रारी हमखास येतात: सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसलं, आणि सकाळी तर दोन-तीन चित्रांपलीकडे काही उरलंच नाही. मग लोक स्वप्नाच्या आत काय करायचं याच्या युक्त्या शोधत बसतात. बरीचशी गडबड मात्र स्वप्नाच्या बाहेर, आदल्या दिवशी आणि जाग आल्यावरच्या पहिल्या मिनिटात झालेली असते.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटून जे थेट सहाव्यावर उडी मारतात, ते महिन्याभराने त्याच तक्रारी घेऊन परत येतात.

सुरुवातीलाच एक इशारा. भास होणं, वास्तवाचं भान सुटणं, सायकोसिस किंवा बायपोलर आजार यांचा त्रास असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यात पडू नका. निद्रानाश असेल तर आधी झोप सुधारा. यातल्या काही पद्धतींमध्ये रात्री मुद्दाम उठावं लागतं आणि आधीच मोडकी असलेली झोप त्याने आणखी मोडते.

## टप्पा १: धूसर काय होतं, स्वप्न की आठवण?

या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. तरी जवळजवळ सगळे त्या एकच समजतात.

पुढच्या वेळी स्वप्नातून जाग आली की स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला: ‘आत असताना मला धूसर वाटलं होतं का?’ म्हणजे अंधार आहे, कडा विरघळताहेत, चेहरा नीट दिसत नाही, असा विचार स्वप्नातच आला होता का? आला असेल तर अडचण दृश्याची आहे. दुसरा: ‘मी पाहिलं हे नक्की माहीत आहे, पण आता डोळ्यांसमोर येत नाही, असं काही आहे का?’ असेल तर दृश्य बहुधा ठीक होतं, आठवण गळाली.

माझा अनुभव सांगतो. मी कित्येक महिने ‘माझी स्वप्नं फिकट असतात’ असं धरून चाललो होतो. एकदा स्वप्नातच ठरवून एक भिंत जवळून पाहिली, तर तिचा पोत, भेगा, उन्हाचा कोन सगळं लख्ख होतं. सकाळी वहीत मात्र ‘एक भिंत होती’ एवढंच उतरलं. फिकी होती ती आठवण. तोपर्यंत मी चुकीच्या जागी मेहनत करत होतो.

जागेपणी मनात चित्र उभं करता येत नाही, म्हणून काही जण आधीच हार मानतात. तशी गरज नाही. मुद्दाम कल्पना करून ज्यांना काहीच दिसत नाही, अशा अनेकांना स्वप्नात मात्र दृश्यं दिसतात.

## टप्पा २: झोपेचं गणित

स्पष्ट, गोष्टीसारखी उलगडणारी स्वप्नं मुख्यतः आरईएम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात त्या टप्प्यात, पडतात. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. पहिल्या चक्रातली आरईएम झोप अगदी थोडी असते, पुढच्या प्रत्येक चक्रात ती वाढत जाते आणि रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सगळ्यात लांब होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आठ तासांऐवजी सहा तास झोपलात तर झोप पाव भागाने कमी होते, पण स्वप्नांचा वाटा त्याहून कितीतरी जास्त जातो, कारण कापले जातात ते पहाटेचे, सगळ्यात समृद्ध तास. धूसर स्वप्नांवरचा पहिला उपाय कंटाळवाणा आहे: पुरेशी झोप, आणि झोपण्या-उठण्याची ठरलेली वेळ.

मद्य रात्रीच्या पहिल्या भागातली आरईएम झोप दाबतं आणि उत्तररात्री झोप तुटक करतं. गांजाही आरईएम झोप कमी करतो. नैराश्यावरची काही औषधंही ती कमी करतात.

इशारा: चालू असलेलं कोणतंही औषध स्वप्नांसाठी बंद किंवा कमी करू नका. शंका असेल तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

## टप्पा ३: स्वप्नवही, पण योग्य क्रमाने

‘वही ठेवा’ हा सल्ला सगळे देतात. वहीत लिहायच्या आधी काय करायचं, हे क्वचितच कुणी सांगतं. आठवण तिथेच जाते.

आरईएम झोपेत मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनालिन अगदी खाली आलेलं असतं. आठवण पक्की होण्यासाठी जे रसायन लागतं, त्यातलं हे एक. त्यामुळे जाग येताना स्वप्न हाताशी असतं, पण ते अजून कुठे रुजलेलं नसतं. अंग हललं, दिवा लागला, दिवसाचा एखादा विचार शिरला की त्याची जागा दुसरंच काहीतरी घेतं. तुमच्याकडे एक-दोन मिनिटं असतात. ती अशी वापरा:

1. जाग आली हे कळताच हलू नका. डोळे मिटलेलेच ठेवा. कूससुद्धा बदलू नका.
2. ‘काय स्वप्न पडलं?’ असं विचारू नका. ‘आत्ता, शेवटी, मी काय पाहत होतो?’ असं विचारा. पहिला प्रश्न फार मोठा आहे, दुसऱ्याला एक चित्र पुरतं.
3. त्या चित्रावरून मागे सरका. ‘इथे मी कुठून आलो?’ एकेक पायरी उलटं जा.
4. धागा तुटला की हळूच दुसऱ्या कुशीवर वळा, ज्या कुशीवर तुम्ही एरवी झोपता त्या. तसं केल्यावर आणखी एक तुकडा वर येताना मी अनेकदा पाहिला आहे.
5. सगळं एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात बोलून घ्या.
6. आता डोळे उघडा आणि आधी फक्त खुणेचे शब्द लिहा: जिना, ओला दगड, निळा सदरा, ताईचा आवाज. वाक्यं नंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मोबाइलमध्ये नोंद करायला जाणं. स्क्रीनचा उजेड आणि समोर आलेला पहिला संदेश पुरेसा असतो. उशाशी कागद-पेन्सिल ठेवा, किंवा आधीच तयार ठेवलेल्या रेकॉर्डरवर डोळे मिटून बोला. कर्कश गजरही असाच घातक. शक्य असेल तेव्हा गजराविना उठा, नाहीतर हळूहळू वाढणारा आवाज लावा.

दुसरी चूक जरा लपलेली असते. मधली गाळलेली जागा आपण नकळत भरतो. जिना आठवतो आणि गच्ची आठवते, म्हणून ‘मी जिना चढून गच्चीवर गेलो’ असं लिहितो, जरी चढल्याचं काहीच आठवत नसलं तरी. तसं करू नका. गाळलेली जागा रिकामीच दाखवा, दोन टिंबं द्या. वही प्रामाणिक राहिली तरच पुढे सुधारणा मोजता येते.

पुढे जायच्या आधी तपासा: दोन आठवड्यांत, आठवड्यातल्या किमान पाच सकाळी निदान एक स्वप्न लिहिलं जातंय का? आणि प्रत्येक नोंदीत डोळ्यांनी पाहिलेले किमान तीन तपशील आहेत का? नसतील तर इथेच थांबा आणि आणखी दोन आठवडे फक्त हेच करा. साधी स्वप्नं आठवत नसताना सजग स्वप्न पडलं, तरी सकाळी ते पडल्याचंच ठाऊक नसेल.

## टप्पा ४: दिवसा पाहायला शिका

आपण दिवसभर वस्तू ओळखतो, पाहत नाही. खुर्ची दिसली, ‘खुर्ची’ असं झालं, नजर पुढे. स्वप्नातही आपण हेच करतो आणि मग सकाळी ‘एक खुर्ची होती’ इतकंच उरतं.

दिवसातून तीन-चार वेळा, एका मिनिटासाठी, हे करा. समोरची एक वस्तू निवडा. तिची कड कुठे संपते, पृष्ठभाग कसा आहे, उजेड कोणत्या बाजूने पडतोय आणि सावली कुठे आहे, हे पाहा. मग डोळे मिटून तेच शब्दांत सांगा. डोळे उघडून चूक पडताळा. एवढंच.

याच मिनिटाला रिअ‍ॅलिटी चेक, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात याची चाचणी, जोडा: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहा. जागेपणी तो येणार नाही, स्वप्नात बहुधा येईल. एखादी ओळ वाचून नजर हटवा आणि पुन्हा वाचा, कारण स्वप्नातला मजकूर बदलण्याची शक्यता मोठी असते. यातली नेहमीची चूक म्हणजे उत्तर ठाऊक असल्यासारखी चाचणी करणं. ‘जागाच आहे मी’ असं मनात म्हणत नाक धरलंत, तर स्वप्नातही तेच म्हणाल. दर वेळी खरोखर शंका घ्या: मी इथे कसा आलो? पाच मिनिटांपूर्वी कुठे होतो?

## टप्पा ५: पहाटेचा प्रयत्न

रोज नको. आठवड्यातून एक-दोन रात्री, जेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी घाई नसेल.

झोपल्यापासून साधारण पाच तासांनी उठा. पंधरा-वीस मिनिटं मंद उजेडात जागे राहा. स्वप्नवहीतल्या जुन्या नोंदी वाचा, दुसरं काही नको. परत पडताना नुकतंच पडलेलं एखादं स्वप्न मनात आणा, त्यातली विचित्र गोष्ट शोधा, आणि तिथे आपल्याला ‘हे स्वप्न आहे’ असं कळतंय, अशी कल्पना करा. मनात वाक्य ठेवा: ‘पुढच्या स्वप्नात मला कळेल. कळलं की आधी हात पाहीन.’

दुसरा भाग बहुतेक जण गाळतात. पण त्याच्याशिवाय सजगता आली की काय करायचं हे आत गेल्यावर ठरवावं लागतं, आणि त्या गोंधळात स्वप्न निसटतं. पहिली कृती बाहेरूनच ठरवून न्या.

झोपेत शिरताना किंवा जागं होताना अंग हलत नाही, कुणीतरी खोलीत आहे असं वाटतं, असं कधीतरी होऊ शकतं. हा स्लीप पॅरालिसिस. आरईएम झोपेतली स्नायूंची शिथिलता जागेपणी थोडी रेंगाळते, म्हणून तसं होतं. भीतिदायक वाटलं तरी ते आपोआप सुटतं. शांतपणे श्वास घ्या आणि वाट पाहा. वारंवार होत असेल तर पहाटे उठण्याचे प्रयत्न थांबवा.

## टप्पा ६: कळल्यानंतरचे पहिले क्षण

या टप्प्यावर घाई सगळ्यात महागात पडते. ‘हे स्वप्न आहे!’ असं कळताच लोक उडायला धावतात. उत्साहाने जाग येते किंवा दृश्य फिकं होतं. आधी जागेवर उभे राहा.

स्पर्श आधी, नजर नंतर. तळहात एकमेकांवर घासा. पायाखालची जमीन जाणवून घ्या: गार, खडबडीत, मऊ? लक्ष स्वप्नातल्या शरीरात गुंतलं की बिछान्यातल्या शरीराकडे वळायला ते मोकळं राहत नाही. दृश्य विझत आलं असेल तरी स्पर्श बहुधा टिकून असतो, आणि त्याच्या आधाराने दृश्य परत येतं.

मग नजर ठरलेल्या क्रमाने फिरवा: हात, जमीन, जवळची वस्तू, लांबचं दृश्य. हातावरच्या रेषा पाहा. जमिनीचा पोत पाहा. हाताच्या अंतरावरची एक वस्तू उचला, फिरवून पाहा. हे झाल्यावरच क्षितिजाकडे. लोक उलटं करतात. आधी लांबचा डोंगर पाहतात, तो धूसर दिसतो, आणि ‘माझं स्वप्न धूसर आहे’ अशी अपेक्षा तयार होते. स्वप्न अपेक्षेवर चालतं, त्यामुळे पुढचं सगळं तसंच होत जातं.

टक लावू नका. एका बिंदूवर नजर रोखली की दृश्य विरघळतं किंवा जाग येते, असं अनेक जण सांगतात. एका वस्तूवर दोन-तीन सेकंद, मग पुढची, आणि थोड्या थोड्या वेळाने परत हातावर. नजर वाहती ठेवा.

डोळे ताणू नका, बारीक करू नका. स्वप्नातलं चित्र बाहेरच्या उजेडाने बनत नाही, त्यामुळे डोळे किलकिले करून काही मिळत नाही. चष्म्याचा नंबरही इथे लागू नाही. नीट दिसत नसेल तर वस्तूच्या जवळ जा आणि तिला एक प्रश्न विचारा: ही कशाची बनली आहे? कड गुळगुळीत आहे की तुटलेली? तपशील मागितला की येतो.

स्वप्नातलं पाहणं हे नुसत्या कल्पनेपेक्षा वेगळं असतं, याचा एक सुंदर पुरावा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सजग स्वप्न पाहणाऱ्यांनी स्वप्नात स्वतःच्या हलत्या बोटामागे नजर फिरवली. त्यांच्या डोळ्यांची हालचाल जागेपणी खरं बोट पाहताना होते तशी सलग होती. डोळे मिटून नुसती कल्पना करताना मात्र ती तुटक, उड्या मारत झाली. म्हणून आत असताना चित्र ‘कल्पून’ तयार करायचा खटाटोप करू नका. पाहा.

अंधार असेल तर दिव्याच्या बटणाच्या मागे लागू नका. ते अनेकदा चालत नाही, आणि चाललं नाही की खट्टू होऊन भान सुटतं. त्यापेक्षा दार शोधा, ‘पलीकडे भर दुपार आहे’ असं म्हणत ते उघडा. ‘दृश्य स्पष्ट हो’ असं मोठ्याने म्हणणंही अनेकांना उपयोगी पडतं. एकदाच, ठामपणे म्हणा. दहा वेळा म्हणालात तर त्यात शंकाच जास्त असते.

स्वप्न मावळताना जागेवर गरगर फिरण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, आणि स्वप्न लांबवायला ती चालतेही. पण फिरून थांबल्यावर देखावा बहुधा बदललेला असतो. आठवणीचा धागा तिथे तुटतो. त्यामुळे माझ्या मते ती शेवटची युक्ती, पहिली नव्हे.

तपासा: हातावरच्या रेषा आणि जमिनीचा पोत, दोन्ही स्पष्ट दिसले? मगच पाऊल उचला.

## टप्पा ७: आत असतानाच आठवण बांधा

सकाळी आठवायचं आहे ते आत असतानाच गोळा करावं लागतं.

आत जाताना एकच काम घेऊन जा. ‘एका झाडाची साल जवळून पाहायची’ एवढं पुरे. पाच कामं घेऊन गेलात तर पाचही अर्धवट होतील आणि त्यांचा क्रमही आठवणार नाही.

पाहता पाहता मोठ्याने बोला: ‘साल करडी आहे, उभ्या भेगा आहेत, डावीकडे मुंग्यांची रांग.’ बोलल्याने दृश्य शब्दांत बांधलं जातं, आणि सकाळी त्या शब्दाचं टोक धरून चित्र ओढून काढता येतं. शिवाय बोलत राहिल्याने ‘हे स्वप्न आहे’ हे भानही टिकतं.

देखावा बदलला की साखळी म्हणा. पहिल्या जागेला एक शब्द, दुसरीला एक: ‘दार, जिना.’ तिसरी आली की पुन्हा पहिल्यापासून: ‘दार, जिना, गच्ची.’ पाच-सहा दुव्यांच्या पुढे साखळी बहुतेकांच्या हातून सुटते.

म्हणूनच, स्वप्न स्पष्ट असतानाच स्वतःहून बाहेर या. हे पटायला जड जातं, कारण इतक्या कष्टाने मिळालेलं स्वप्न सोडवत नाही. पण शेवटपर्यंत थांबलात तर सजगता विरते, मागून साधं स्वप्न सुरू होतं आणि आधीचं सगळं झाकतं. ठरवलेलं काम झालं की साखळी एकदा म्हणा आणि एका बिंदूवर टक लावा. मघाशी टाळायला सांगितलेली गोष्ट इथे कामाला येते.

## टप्पा ८: जाग आल्यावर

हलू नका. तिसऱ्या टप्प्यातला क्रम जसाच्या तसा. फरक एवढाच की इथे साखळी तयार आहे, तेव्हा आधी ती म्हणा आणि मग प्रत्येक दुव्यातलं चित्र उघडा.

नंतर, लिहायला घेण्याआधी, नाक धरून श्वास घेऊन पाहा. खोटी जाग ही सजग स्वप्नानंतर वारंवार येणारी गोष्ट आहे: तुम्ही उठता, वही उघडता, सविस्तर लिहिता, आणि मग खरंच जाग येते तेव्हा वही कोरी असते.

नोंद करताना प्रत्येक तपशिलापुढे खूण करा. ‘पा’ म्हणजे डोळ्यांनी पाहिलं. ‘मा’ म्हणजे पाहिलं नाही पण स्वप्नात माहीत होतं, जसं की ‘ही माझी शाळा आहे’. ‘अं’ म्हणजे आत्ता लिहिताना केलेला अंदाज. पहिल्या काही नोंदींत ‘मा’ किती निघतात हे पाहून आश्चर्य वाटेल.

मग दृश्याला पाचपैकी गुण द्या:

- १: फक्त आकार
- २: आकार आणि रंग
- ३: कडा स्पष्ट
- ४: जवळून पोत दिसला
- ५: पोत, उजेडाची दिशा आणि सावली, तिन्ही

चित्रकला येत नसली तरी जागेचा साधा नकाशा काढा. दार कुठे, खिडकी कुठे, तुम्ही कुठे उभे होतात. शब्दांत न आलेल्या दोन-तीन गोष्टी नकाशात हमखास उतरतात.

इथे एक निवड करावी लागते. न हलता पडून राहिलात तर कधी कधी त्याच स्वप्नात परत जाता येतं. मोह होतोच. पण पहिला महिनाभर परत जाऊ नका, लिहा. दुसरं स्वप्न पहिल्यावर चढतं आणि दोन्हींची सरमिसळ होते.

## अडलं तर कुठे पाहायचं

‘पा’ भरपूर पण गुण दोनच्या वर जात नाहीत: सहावा टप्पा घाईत होतोय, आणि चौथ्यातला सराव सुटलाय. गुण चांगले पण नोंदी तोकड्या: स्वप्नात फार वेळ राहताय किंवा बोलत नाही आहात. सजगता येते आणि लगेच जाग येते: स्पर्शावर जास्त वेळ द्या, आणि दिवसा तळहात घासायची सवय लावा, म्हणजे आत तो हात आपोआप हलेल. नोंदीच बंद पडल्या: झोपेचे तास मोजा. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं.

गॅलँटामाइनसारख्या औषधांचा सल्ला वाचनात येईल. सजग स्वप्नांचं प्रमाण त्याने वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे, हे खरं. पण ते स्मृतिभ्रंशावरचं औषध आहे, हृदयाची गती मंदावू शकतं आणि मळमळ, उलट्याही होऊ शकतात. डॉक्टरांशिवाय घेऊ नका.

दिवसा झोप अनावर होत असेल, एखादी गोष्ट स्वप्नात घडली की खरंच हे ठरवताना गोंधळ होत असेल, किंवा दुःस्वप्नं वाढली असतील, तर सगळे प्रयत्न थांबवा. दोन आठवडे फक्त झोपा. रिअ‍ॅलिटी चेकही नको, वहीही नको. तरीही गोंधळ राहिला तर डॉक्टरांना दाखवा. ठीक वाटू लागलं तर परत सुरुवात करताना पाचव्या टप्प्यापासून नको, तिसऱ्यापासून करा.